गहाळ झालेला तास

सोमवारी सकाळी आठला फोन वाजला तेव्हा डिटेक्टिव्ह मॅव्हिस लुंडीन गाडीतल्या घड्याळाला शिव्या घालत होती. रविवारी पहाटे उन्हाळी वेळ लागू झाली, सगळ्या मिनेसोटाने घड्याळं तासभर पुढे केली आणि तिच्या जुन्या गाडीतलं घड्याळ दरवर्षीप्रमाणे जुन्याच वेळेवर अडून बसलं.

फोनवर लोवेल ब्रॅक होता. “मॅव्हिस, आर्डिसकडे ये. तळघराच्या पायऱ्यांखाली पडलीय ती. थंडगार झालीय गं.”

आर्डिस टोर्गर, वय एकोणऐंशी, गावाबाहेरच्या शेतघरात एकटीच राहायची. लोवेल तिचा एकुलता एक शेजारी, टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला. मॅव्हिस पोचली तेव्हा तो बर्फात उघड्या डोक्याने उभा होता. थंडीचं त्याला भानच नव्हतं.

आर्डिसच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ होते. म्हणजे म्हातारी पाय घसरून पडली नव्हती. दाराचं कुलूप फोडलेलं नव्हतं, घरातलं काही हललेलं नव्हतं. स्वयंपाकघरात राउटरशेजारी कागदाला लावायची एक पिन तेवढी पडली होती, सरळ केलेली.

“हे कॅमेरे कुणी बसवले?” मॅव्हिसने विचारलं.

“तिच्या पुतण्याने. केंटने. दोन वर्षं झाली. पुढचं दार, मागचं दार आणि तळघर. घरबसल्या फोनवर सगळं बघायचा.”

“बघायचा? आता नाही बघत?”

“शनिवारी संध्याकाळी मी ते थांबवलं. आर्डिसच आली होती सांगायला. राउटरमध्ये तिन्ही कॅमेऱ्यांची इंटरनेटची वाट बंद केली. ना काही बाहेर जाणार, ना बाहेरून काही आत येणार. चित्रं घरातच साठावीत म्हणून तळघरात रंगाच्या डब्यांमागे रेकॉर्डर ठेवला.”

“केंटला सांगितलंत?”

“ती म्हणाली, त्याला कळेलच.”

“पण थांबवायचं का होतं तिला?”

लोवेलने नाक पुसलं. “रोज तळघरात नवऱ्याच्या सुतारकामाच्या बाकाशी बसून त्याच्याशी बोलायची ती. मेलेल्या माणसाशी. कुणाचं काय जात होतं? केंटने ती चित्रं वकिलाला दाखवली. बाईचं डोकं फिरलंय, कोर्टाने तिचा कारभार माझ्या हाती द्यावा, म्हणे. एकदा कागद झाला की ही वृद्धाश्रमात आणि जमीन बाजारात.”

मॅव्हिसला लोवेलची दया आली. संध्याकाळी तोच कोठडीत होता.

त्याला कारण रेकॉर्डर. शेरीफ ड्वेन होल्टी आणि मॅव्हिसने मिळून तो पाहिला. रविवारी सकाळी नऊ शेचाळीसला मागच्या दाराने एक माणूस आत शिरला. जाड कोट, डोक्यावर कानटोपी, तोंडाला मफलर. अशा थंडीत अख्खा जिल्हा असाच दिसतो. नऊ अठ्ठावन्नपर्यंत चित्र सुरळीत होतं. त्यापुढचं चित्र थेट दहा अठ्ठावन्नचं. अकरा चारला तळघरात आर्डिस पायऱ्यांवरून कोसळली. वर कोण होतं ते दिसत नव्हतं. अकरा सातला तोच कोट बाहेर पडला.

आर्डिस लगेच मेली नव्हती. तिचा हात हलत होता. तीन वाजून सहा मिनिटांनी तो थांबला.

शेरीफने तोंड फिरवलं. मग घसा खाकरून म्हणाला, “एक तास गायब आहे, मॅव्हिस. पुसलाय कुणीतरी. रेकॉर्डर कुठे आहे हे कुणाला ठाऊक होतं? लोवेलला. किल्ली कुणाकडे होती? लोवेलकडे.”

“किल्ली केंटकडेही आहे.”

“केंट सकाळी नऊ ते साडेदहा चर्चच्या तळघरात कॉफी वाढत होता. नव्वद माणसांनी पाहिलंय. माझ्याच कपात ओतली त्याने. आणि लोवेल? घरी एकटा! उद्या दुपारी न्यायाधीशांपुढे उभा करतोय मी त्याला.”

मॅव्हिसने केंटला बोलावून घेतलं. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, पावलापावलाला रुमाल काढणारा.

“शनिवारी कॅमेरे बंद झाल्याचं कळलं तुला?”

“फोनवर सगळं काळं झालं. वाटलं, वीज गेली असेल.”

“मग काकूला फोन नाही केलास?”

“करणारच होतो. राहून गेलं. आता ते मला जन्मभर खाणार.” रुमाल डोळ्यांकडे गेला.

“त्यानंतर पुन्हा पाहिलंस कॅमेऱ्यांकडे?”

“एकदाही नाही. बंद पडलेल्या वस्तूकडे काय बघायचं?”

कोठडीत लोवेल बाकावर बसून होता. “मी काहीच पुसलेलं नाही, पोरी. तुमचा विश्वास नसेल तर नसू दे. पण तिच्या मातीला तरी मला जाऊ द्याल ना?”



मंगळवारी सकाळी ती पुन्हा त्या दोन चित्रांपाशी येऊन बसली. नऊ अठ्ठावन्न. दहा अठ्ठावन्न. मागचा ओटा, बर्फ, कठड्याची सावली. सावलीचं टोक ओट्यावर ठेवलेल्या फावड्याच्या मुठीला टेकलेलं. तिने पहिलं चित्र लावलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. ती ताडकन उठली आणि आर्डिसच्या घरी गाडी पिटाळली.

लोवेलने बंद केलेल्या कॅमेऱ्यांची राउटरमधली यादी कोरी होती. तिन्ही कॅमेऱ्यांची वाट सताड उघडी. मॅव्हिसने तिथूनच कॅमेरे विकणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि मग न्यायाधीशांकडे परवानगीचा कागद मागितला.

दुपारी कोर्टामागच्या खोलीत तिने तिघांना बसवलं. शेरीफ टेबलाच्या टोकाला, बेड्या घातलेला लोवेल कोपऱ्यात आणि समोर केंट.

“ड्वेन, ही दोन चित्रं बघ. मधे तास गेला म्हणतोस ना? मग ही सावली बोटभर तरी सरकायला हवी होती.”

शेरीफने चष्मा लावला. “जिथल्या तिथे आहे.”

“कारण मधे मिनिटसुद्धा गेलेलं नाही. कुणी काही पुसलेलंच नाही. चित्रावर वेळ उमटवतात ते कॅमेरे आणि त्यांना वेळ कळवते ती कंपनी, इंटरनेटवरून. शनिवारी लोवेलने ती वाट बंद केली. रविवारी पहाटे आपण सगळे तासभर पुढे गेलो. कॅमेऱ्यांना ते सांगणार कोण?”

“म्हणजे ते तासभर मागे राहिले.”

“राहिले. मग एका क्षणी कुणीतरी वाट मोकळी केली आणि त्यांनी घड्याळ दुरुस्त करून घेतलं. नऊ अठ्ठावन्नचे दहा अठ्ठावन्न झाले. राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असतं. त्यात पिन खुपसली की आत लिहिलेलं सगळं साफ. पिन तिथेच पडलेली होती, माझ्या डोळ्यांसमोर.”

शेरीफ हळूहळू केंटकडे वळला. मॅव्हिस बोलतच राहिली.

“तो कोटवाला खऱ्या वेळेनुसार दहा शेचाळीसला शिरला. तेव्हा चर्चमधली कॉफी संपून पाव तास झाला होता. आणि मला सांगा, लोवेलने आदल्याच संध्याकाळी स्वतः बंद केलेली वाट तो पिन खुपसून कशाला उघडेल? कॅमेऱ्यांचं बोलणं पुन्हा बाहेर जायला हवं होतं ते एकाच माणसाला. केंट, फोन काळा म्हणजे कॅमेरे आंधळे, असं वाटलं ना तुला? रंगाच्या डब्यांमागे रेकॉर्डर आहे हे तुला माहीतच नव्हतं.”

“हा सगळा तर्क आहे,” केंट म्हणाला. रुमाल मात्र खिशातच राहिला.

“राउटर साफ केलास तेव्हा काकू आडवी आली. तू तिचे दंड धरलेस. मागे तळघराचं दार उघडं होतं. बाहेर पडतानाचं चित्र कंपनीकडे गेलं होतं, ते तू नंतर फोनवरून पुसलंस; रेकॉर्डरमधलं मात्र राहिलं.” तिने एक कागद पुढे सरकवला. “हा कंपनीकडून आलाय. वाट बंद होती म्हणून त्यांच्याकडे काही नसणार, असं आम्ही धरून चाललो, म्हणून विचारायला उशीर झाला. रविवारी अकरा बारापासून तुझ्या फोनवरून एकच कॅमेरा उघडला गेलाय. तळघराचा. बावीस वेळा. शेवटच्या वेळी तीन वाजून नऊ मिनिटांनी.”

शेरीफने कागद स्वतःकडे ओढून घेतला.

“बघत होतास तू,” शेरीफ म्हणाला. “चार तास? अरे, एक फोन! तेवढाही नाही?”

“मी ढकललं नव्हतं तिला. हात सोडवताना गेली ती,” केंट पुटपुटला. “घाबरलो होतो. वाटलं, येईल कुणीतरी.”

“त्या रानात कोण येणार होतं?”

“मी,” कोपऱ्यातून लोवेल म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“दर रविवारी दुपारचं जेवण झालं की मी तिच्याकडे जायचो. हा रविवार चुकवला. म्हटलं, दोन वर्षांनी तिला कुणी बघत नाहीये. आजचा दिवस तरी बाईला एकटं राहू द्यावं.”

शेरीफने उठून त्याच्या बेड्या काढल्या. लोवेल बराच वेळ जागचा उठला नाही.