फौजदार मालोजींची बदली

मुरारी मास्तरांनी मालोजी फौजदाराला नऊ वर्षं पोसलं होतं. पोलादपूरच्या शाळेत दिवसभर पाढे घ्यायचे आणि शाळा सुटली की ओसरीवर बसून मुंबईच्या एका मासिकासाठी मालोजीची गोष्ट लिहायची. मालोजी हरवलेली माणसं शोधायचा. उंच, डाव्या पायाने लंगडा, मोजकं बोलणारा. वाचक त्याच्या नावाने पत्रं पाठवत आणि मास्तर ती हसत हसत बायकोला, ठकूबाईंना, वाचून दाखवत.

एकोणीसशे एकतीसच्या मार्गशीर्षात संपादकांनी कळवलं, वाचक आता कंटाळले, नवा तरुण नायक आणा. मास्तरांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. त्यांनी येसाजी नावाचा तरतरीत गडी उभा केला, मालोजीला एका वाक्यात पेन्शनीत काढलं आणि महाडच्या लग्नघरातून चोरीला गेलेल्या रत्नहाराची गोष्ट रचली.

ती टपालात टाकायला निघाले, तर पायरीशी तुळसा उभी. ती आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतली. तिचा नवरा पांडू महाबळेश्वरला एका बंगल्यावर माळी होता. दोन वर्षांपूर्वी शिमग्याला म्हणून घाट उतरायला निघाला, तो घरी पोचलाच नाही. कुणा बाईला घेऊन मुंबईला पळाला, असं वाडी म्हणायची. तुळसाच्या तोंडावर म्हणायची.

"मास्तर, तुमचा फौजदार माणसं हुडकतो ना? आमच्या माणसालाबी हुडकायला सांगा."

"अगं, तो खरा नाही. मी मनाचं लिहितो. आणि आता तर त्याला काढून टाकलाय."

तुळसाने विचारलं, "मंग काल वाडीत कोन आलाता? लंगडत. पानी मागितलान, पांडूचं नाव इचारलान."

जंगलखात्याचा कुणी शिपाई असेल, असं मनाशी म्हणत मास्तरांनी पाकीट टपालात टाकलं.

माघात अंक आला. पहिल्या पाच ओळी त्यांच्याच होत्या. सहाव्या ओळीत येसाजी चहा सांगायला म्हणून आत गेला, तो बाहेर आलाच नाही. दारातून मालोजी आला. पुढे महाड नाही, लग्नघर नाही, रत्नहार नाही. आंबेनळी घाटातल्या एका काळ्या कातळाखाली, घळीत, कुंभ्याच्या झाडाच्या बुंध्याशी मालोजी एका माळ्याचा सांगाडा शोधून काढतो. शेजारच्या पिशवीत बायकोसाठी घेतलेल्या हिरव्या बांगड्या असतात. फडक्यात गुंडाळलेल्या. एकही फुटलेली नसते.

मास्तरांनी रागारागाने पत्र धाडलं. आठ दिवसांत हस्तलिखित परत आलं. सोबत चिठ्ठी: 'आम्ही काना-मात्राही बदललेली नाही. मालोजींना ठेवलेत, उत्तम केलेत. वाचक खूश आहेत.'

अक्षर मास्तरांचंच होतं. 'ळ'ची शेपूट डावीकडे ओढायची त्यांची खोडसुद्धा पानोपानी होती. त्यांनी पेटीतून कच्चा खर्डा काढला. त्यात येसाजी होता, रत्नहार होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तीच शाई, तोच हात. यातलं आपण कुठलं लिहिलं, हेच त्यांना सांगता येईना.

"ही गोष्ट पाठवली त्या आठवड्यात मी काय लिहीत होतो गं?" त्यांनी ठकूबाईंना विचारलं.

"मला काय ठाऊक? पण दोनदा बसत होतात. एकदा शाळेतून आल्यावर, एकदा जेवण झाल्यावर."

जेवणानंतर आपण कधी लिहायला बसलो, हे मास्तरांना काही केल्या आठवेना.

रविवारी सकाळी ते तुळसा आणि तिचा दीर सदू यांना घेऊन घाटात गेले. कशासाठी, ते सांगितलं नाही. सांगणार तरी काय? ऊन लख्ख होतं. काळा कातळ लांबूनच दिसला. मास्तरांनी तो जन्मात पाहिला नव्हता, तरी वाट चुकली नाही.

सदू घळीत उतरला आणि मध्येच थांबला.

"मास्तर, हितं कुनीतरी गवत कापलंय. ताजं हाय."

कुंभ्याचं झाड होतं. बुंध्याशी पांडू होता. हाडांवरून कळला नसता, पण कमरेचा करगोटा तुळसाने ओळखला. पिशवी तिनेच उघडली. एक बांगडी तिने हातात घेतली.

"पळाला नव्हता," ती म्हणाली. "घराकडंच येत हुता."

मग तिने मंगळसूत्र काढलं आणि बांगड्यांसोबत त्याच फडक्यात बांधलं.

पाटलाला कळवलं, पंचनामा झाला. वाडीतल्या बायका तुळसाच्या दारी येऊन रडल्या. मास्तरांना हे कसं कळलं, ते कुणी विचारलं नाही. त्यांनी मनाशी एकदा उत्तर जमवून पाहिलं, पण कुठून सुरुवात करावी तेच सुचेना.

त्या दिवसापासून त्यांनी लिहिणं सोडलं. दौत ओतून धुऊन ठेवली, टाक ठकूबाईंच्या पेटीत कुलूपबंद केला. "मागितला तरी देऊ नकोस," म्हणाले. संपादकांना काहीच कळवलं नाही.

चैत्रात संपादकांचं कार्ड आलं. मास्तरांनी ते शाळेच्या दारातच वाचलं.

'नवी कथा पोचली. या खेपेस मालोजी एका शाळामास्तरास शोधतात, ही कल्पना फार आवडली. मात्र मास्तर कोठे सापडले, ती शेवटची दोन पाने पाकिटात नव्हती. तेवढी सवडीने पाठवावीत.'