मागची सीट कशी उघडते?

पाण्याचा फवारा थेट अंगावर आला आणि अक्षता किंचाळलीच.

शोरूमच्या मागं जुन्या गाड्या धुवायची जागा होती. आपली गाडी शेवटची डोळे भरून बघावी म्हणून ती तिकडं गेली, तर गाडीच्या पलीकडून कुणीतरी पाइप नेमका तिच्याच दिशेनं फिरवला.

"आयो! दिसलाच न्हाई ओ तुमी!" एक उंच, सावळा माणूस पाइप टाकून धावत पुढं आला. "काचेतनं पाणी आत जातंय का बघत हुतो. जुनी गाडी घ्यायची म्हणल्यावर..."

"नाही जात," ओढणी पिळत ती म्हणाली. "गाडी माझीच आहे."

"म्हंजे गाडी कोरडी आन मालकीण भिजली!" तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं खांद्यावरचा टॉवेल पुढं केला.

अक्षतानं रागानं टॉवेल घेतला... आणि सवयीनं त्याची किनार बघितली. टॉवेल तिच्याच कारखान्यातला निघाला. मग मात्र तिला हसू आवरेना.

त्याचं नाव शिवराज. मोडनिंबचा, बोरं-डाळिंबांचा व्यापारी. घरात आई-वडील, भाऊ-वहिनी, दोन पुतण्या आणि तो, अशी सात माणसं. त्याला सात सीटांचीच गाडी हवी होती, अक्षताच्या गाडीसारखी.

अक्षताच्या घरी मात्र आता दोघंच. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलांचा कारखाना ती सांभाळायची आणि घरी वडिलांना, अप्पांना. बहिणी लग्न होऊन गेल्या, आई गेली. अप्पांचे गुडघे गेले, त्यांना मोठ्या गाडीत चढताना कळ यायची. म्हणून तिनं ही गाडी देऊन छोटी, भारीतली एसयूव्ही ठरवली होती. मऊ चामड्याच्या सीटा, छताला काच, पायाखाली हलकी पायरी. दोघांना पुरेशी. आयुष्यभर दोघंच, हे तिनं मनाशी धरलंच होतं. लग्नानंतर अप्पांना एकटं ठेवायला ती तयार नव्हती, म्हणून दोन स्थळं मोडली होती.

शिवराजनं एक फेरी मारायला गाडी मागितली. अप्पा शोरूमच्या दारात खुर्चीवर बसले होते. गाडी दारात आल्यावर त्यांचा हात बॉनेटवरनं सावकाश फिरताना त्यानं बघितला.

"अप्पा, तुमी बी चला की. तुमच्या गाडीच्या खोडी तुमीच सांगा."

त्यानं खाली वाकून आपला खांदा दिला. अप्पा त्यावर भार टाकून चढले, कण्हले नाहीत. विजापूर रोडपर्यंत दोघं गप्पा मारत गेले आणि मागं बसलेल्या अक्षताकडं कुणी लक्षच दिलं नाही. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

गाडी शिवराजनंच घेतली. ती मोडनिंबला गेली आणि त्याचे फोन सुरू झाले.

"मॅडम, मागची सीट कशी उघडते?"

"बाजूचा पट्टा ओढायचा."

दुसऱ्या दिवशी परत, "ती मागची सीट..."

"शिवराज, कालच सांगितलं ना?"

"व्हय. पर तुमी लई चांगलं सांगता."

ती ओठ दाबून हसायची. कारखान्यात मागांचा खडखडाट चालायचा, तरी त्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू यायचा. फोनच्या शेवटी तो हमखास विचारायचा, "अप्पांचे गुडघे कसे हायत?" आजवर बघायला आलेल्या एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं.  फोन ठेवला की तिचे उगाच डोळे भरून यायचे.

जानेवारीत सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला सगळं मोडनिंबकर कुटुंब सोलापूरला आलं आणि बोरांची पाटी घेऊन आधी अक्षताच्या दारात उतरलं. शिवराजची आई बजाबाई सरळ स्वयंपाकघरात शिरली. अक्षतानं थापलेली कडक भाकरी मोडून बघत म्हणाली, "चांगला हात बसलाय तुझा, पोरी." पुतण्या अप्पांभोवती बसल्या. कित्येक दिवसांनी घरात इतका गलका झाला होता.

संध्याकाळी सगळे जत्रेत गेले. अप्पा थकले, म्हणून शिवराजनं त्यांना एका बाकावर बसवलं. जवळच पाळण्याच्या दिव्यांखाली तो अक्षतासमोर उभा राहिला. पुतण्या वरून ओरडत होत्या.

"अक्षता..." त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "सीट मला पैल्या दिवशीच उघडता आली हुती."

"माहीत आहे मला."

"मग फोन का उचलत हुता?"

तिनं नजर खाली केली. मग म्हणाली, "मी अप्पांना सोडून येणार नाही, शिवराज. हे आधीच सांगते. नंतर... नंतर मला जड जाईल."

"सोडा म्हणलं कुणी? माझं निम्मं काम हितल्या मार्केट यार्डात असतंय. मीच ऱ्हातो तुमच्याकडं."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू द्या की. आईला विचारूनच आलोय. ती म्हणली, आमाला बघायला तुझा थोरला भाऊ हाय. त्या म्हाताऱ्याला कोण हाय?"

 अक्षतानं गर्दीतच त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

"मला वाटून घेताय, आणि मला विचारत नाही होय?"

दोघं दचकले. बाकावरून अप्पा सगळं ऐकत होते. ओरडल्यासारखं बोलले खरं, पण अक्षताकडं हात पुढं केला.

"अप्पा, मी..." अक्षता त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसली.

"गप. दोन स्थळं मोडलीस माझ्यापायी, तेव्हा मी काही बोललो नाही. रोज सिद्धरामेश्वराला एवढंच म्हणत होतो, की माझी पोर माझ्यापायी अडकू नये." त्यांनी शिवराजकडं बघितलं. "साखरेचा चहा पितोस का बिनसाखरेचा?"

"लई गोड पितो, अप्पा."

"बरं झालं. आमच्या घरात मला कुणी साखर देत नाही. तुझ्या कपातला घोटभर मिळंल."

"अप्पा!" अक्षता रडता रडता हसली.

पाळण्याखाली उभी राहून बजाबाई हात हलवून सगळ्यांना हाका मारत होती. शिवराजनं एका बाजूनं अप्पांना उठवलं, दुसऱ्या बाजूनं अक्षतानं. मग तिघं एकमेकांना धरून, सावकाश, तिच्याकडं चालू लागले.