बुधवारची चिडचिड

रॅम्पवर बरोब्बर सात कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. पिवळ्या फुलांच्या, नुकतंच पाणी घातलेल्या. आणि पहिल्या कुंडीला टेकवलेली पाटी — ‘आपले सर्हष स्वागत.’

व्हीलचेअरवर बसल्या बसल्या ती त्या पाटीकडे बघत राहिली. ‘सहर्ष’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासणाऱ्या बाईच्या नजरेतून असली गोष्ट सुटत नाही. तिथे सगळे तिला प्रूफताई म्हणत. काही जण प्रेमानं, बरेचसे धसक्यानं.

कुंड्या कुणाच्या स्वागतासाठी, तर तिच्याच. शहराच्या बससेवेनं आपल्या ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी नवं प्रशिक्षण बनवायला घेतलं होतं. अपंग आणि मानसिक आजारातून गेलेल्या प्रवाशांशी कसं वागावं याचं. ते बनवायला म्हणे ‘प्रत्यक्ष अनुभव असलेली माणसं’ हवी होती. तिला अनुभव भरपूर होता. रोज थांब्यावर तीन बसगाड्या आल्या, तर दोन तिला बघून वेग वाढवत, आणि कंडक्टर ‘मागून येतेय’ असा हात हलवी. तो हात तिच्या स्वप्नात येई.

आता कुणाला हाक मारावी या विचारात ती असतानाच खुर्ची एकदम मागे कलली.

“थांबा हं ताई, मी घेतो पायऱ्यांवरून—”

तिनं दोन्ही ब्रेक खाडकन लावले. मागचा माणूस पुढे कोलमडला आणि त्याची हनुवटी तिच्या टाळूवर आपटली.

“हात काढा.”

“अहो, मी मदत...”

“मी मागितली?”

“नाही, पण—”

“मग हात काढा.”

चटका बसल्यासारखे त्यानं हात काढले. ती वळली. उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट. हनुवटी लाल झालेली. डोळे घाबरलेले... आणि त्यांच्या कोपऱ्यात दडवलेलं हसू. त्या हसण्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“लागलं का?” तरी विचारावं लागलंच.

“हनुवटीला. तुम्हाला?”

“मला राग आलाय.”

“तो दिसतोय,” तो म्हणाला. मग जरा घुटमळून, “बरं... काय करू, सांगा.”

“कुंड्या उचला.”

त्यानं मुकाट्यानं एकेक कुंडी उचलली. चौथीपाशी थांबून विचारलं, “ठेवू कुठे?”

“पायऱ्यांवर ठेवा. बाकीच्यांना जरा अडू दे.”

आता मात्र तो मोकळेपणानं हसला. आणि तिची चिडचिड उगाचच आणखी वाढली.

आत गेल्यावर कळलं, की तोही त्याच बैठकीला आलाय. बससेवेचाच ड्रायव्हर. नऊ वर्षं गाडी चालवली. मग एका सकाळी भर रस्त्यात छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले, आणि गाडी बाजूला घेतल्यावर त्याला चाक पुन्हा धरताच येईना. सात महिने उपचार झाले. डॉक्टरांनी ‘कामावर घ्यायला हरकत नाही’ असं लिहून दिलं, पण डेपो मॅनेजरनं त्याला बसवलं हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. हे सगळं त्यानं छताच्या पंख्याकडे बघत सांगितलं, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट असल्यासारखं.

तिसरे होते ऑपरेटरकाका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जन्मापासून अंध, आवाज मात्र अजून ‘होल्ड करा’ म्हणणारा.

आणि प्रशिक्षण विभागाच्या मॅडम. स्वभावानं गोड. इतक्या गोड, की त्यांच्याशी भांडायला सुरुवात कुठून करावी तेच कळू नये.

“आम्हाला तुमचा आवाज हवाय,” म्हणत मॅडमनी पडद्यावर पहिलं चित्र लावलं. मावळता सूर्य, त्यापुढे व्हीलचेअरची काळी सावली, खाली अक्षरं — ‘हसत हसत झुंजू या’.

“पुस्तिका तयार आहे?” तिनं विचारलं.

“जवळजवळ! तुम्ही फक्त नजर टाकायची.”

तिनं पिशवीतून लाल पेन काढलं. चोवीस पानांवर तिनं एकतीस ठिकाणी नजर टाकली. त्यातल्या चार शुद्धलेखनाच्या चुका होत्या, बाकीच्या अकलेच्या.

“माझं एवढंच लिहा,” ऑपरेटरकाका म्हणाले, “आंधळ्याला दंडाला धरून ओढू नका. परवा एकानं मला नको त्या बसमध्ये चढवलं, वर आशीर्वाद मागितला.”

“आणि तुमचं?” मॅडमनी ड्रायव्हरला विचारलं. पडद्यावर अंधारात डोकं धरून बसलेला माणूस होता. “हे चालेल ना?”

“चालेल,” तो म्हणाला.

तिनं पेन टेबलावर आपटलं. “काय चालेल? तुम्ही असे बसता का अंधारात, डोकं धरून?”

“नाही. मी खिडकीवर बसतो. छत्र्या मोजतो.”

“मग बोला ना तसं!”

“तुम्ही बोलताय की,” तो शांतपणे म्हणाला. “दोघं एकदम बोललो तर मॅडमना लिहून घेता येणार नाही.”

असे बुधवार सुरू झाले. दर बुधवारी ती भांडायची, तो ‘चालेल’ म्हणायचा, आणि घरी आल्यावर ती वहिनीपुढे तणतणायची. “एक माणूस इतका गुळमुळीत असू शकतो?” तिसऱ्या बुधवारी वहिनी कपड्यांच्या घड्या घालताना सहज म्हणाली, “मॅडमवर पाच मिनिटं, काकांवर दोन, आणि त्या ड्रायव्हरवर अर्धा तास. मी घड्याळ बघत होते हं.”

“वहिनी, पुरे.”

“मी कुठे काय म्हटलं?”

चौथ्या बुधवारी डेपोचे एक मोठे साहेब बैठकीला येऊन बसले. व्हीलचेअरच्या प्रवाशासाठी बसच्या दारातली उतरती फळी उघडायची म्हणजे गाडीला चार-पाच मिनिटं उशीर होतो, तेव्हा प्रशिक्षणात ‘शक्य असल्यास’ असा शब्द घालावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधी—

“चाळीस सेकंद,” ड्रायव्हर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याचे कान लाल झाले होते.

“फळी उघडायला, खुर्ची आत घ्यायला आणि बंद करायला. मी घड्याळ लावून बघितलंय. अकरा वेळा. रिकाम्या खुर्चीत वाळूची पोती ठेवून.” तो जरा थांबला. “चार मिनिटं लागतात ती बिजागरं गंजल्यामुळे. सहा गाड्यांना मी वंगण घातलंय. उरलेल्यांना या आठवड्यात घालतो.”

साहेब गेले. ‘शक्य असल्यास’ही गेलं. ती मात्र त्याच्या नखांतल्या काळ्या वंगणाकडे बघत राहिली. किती दिवस होतं ते तिथे? तिनं आधी पाहिलं कसं नाही?

“वाळूची किती पोती?” जाताना तिनं विचारलं.

“दोन. अंदाजानं.” तो गडबडला. “म्हणजे... तुमच्या वजनाचा अंदाज घेतला असं नाही, आपलं सरासरी—”

“फार खोलात जाऊ नका,” ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच रॅम्पवरून उतरताना तिला हसू आवरेना.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग तिनं माती केली.

मानसिक आजाराचा भाग अजून कोराच होता. तो टाळत होता. तिला ते बघवेना. एका दुपारी छापखान्यात बसून तिनं त्याची हकिकत स्वतःच लिहून काढली, अगदी बधिर झालेल्या हातांसकट, आणि मॅडमना पाठवून दिली. नाव घातलं नाही, पण डेपोत ‘तो ड्रायव्हर’ कोण हे कुणाला कळणार नव्हतं?

बैठकीत मॅडमनी ते कौतुकानं वाचून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

“छान लिहिलंय,” तो म्हणाला. “एकही चूक नाही.”

उठला आणि गेला. पुढच्या बुधवारी त्याची खुर्ची रिकामी होती.

“मुली,” ऑपरेटरकाका म्हणाले, “आज तू भांडली नाहीस. खोली ओळखीची वाटेना.”

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि डेपो गाठला. हरवलेल्या वस्तूंची खिडकी तिच्या डोक्याच्याही वर होती. खालून दिसत होतं ते फक्त आतलं छत्र्यांचं जंगल.

“कोण आहे?” त्याचा आवाज आला.

“खाली बघा.”

तो वाकला. चेहरा कोरा. “काय हरवलंय?”

“अक्कल.”

मग त्यानं फॉर्म पुढे ओढला. “कधी हरवली?”

“मागच्या आठवड्यात. कुणाला न विचारता त्याची गोष्ट लिहिली, तेव्हा.”

“रंग?”

“लाल पेनाचा असावा.” तिचा आवाज चिरकला. “ऐका ना... लोक मला न विचारता ढकलतात म्हणून मी जगाला फाडून खाते. आणि तुमच्याशी मी तेच केलं. मॅडमकडून तो कागद मी परत घेतलाय. हा घ्या. फाडा, जाळा. मला माफ केलं नाहीत तरी... म्हणजे करा, पण—”

त्यानं कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला. बाहेर कुठलीशी गाडी मागे घेताना कंडक्टर शिट्टी वाजवत होता.

“मला भीती वाटते,” तो शेवटी म्हणाला. “सगळ्यांसमोर बोललो आणि मॅनेजर म्हणाला, बघा, हा अजून त्यातच आहे... तर मला गाडी कधीच मिळायची नाही. मला गाडी चालवायला फार आवडतं हो.”

“मग बोलू नका.”

तो चकित झाला. “तुम्ही म्हणताय हे?”

“मी म्हणतेय. तो भाग कोरा राहिला तरी चालेल.” तोंडातून ‘चालेल’ गेल्यावर तिनं कपाळाला हात लावला, आणि तो खिडकीच्या चौकटीवर डोकं टेकून हसत सुटला.

प्रशिक्षणाची पहिली चाचणी झाली तेव्हा समोर बावीस ड्रायव्हर-कंडक्टर हाताची घडी घालून बसले होते. काकांनी त्यांना हसवलं. तिनं थांब्यावरच्या ‘मागून येतेय’वाल्या हाताची हुबेहूब नक्कल केली, तिघांनी माना खाली घातल्या. मग मागच्या रांगेतून एक कंडक्टर म्हणाला, “खुर्चीचं समजलं हो. पण ह्या डोक्याच्या केसेस... आपल्या स्टाफमध्येच आहेत म्हणे. त्यांना गाडीवर घेऊच नये. लोकांच्या जिवाशी खेळ.”

खोली गार पडली. तिच्या जिभेवर तयार उत्तरं होती, दहा तरी. तिनं चाकाची कड घट्ट धरली आणि गप्प राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं.

तो उठला.

“ती केस मी,” तो म्हणाला. आवाज कापत होता. “त्या दिवशी छाती धडधडायला लागली, तेव्हा मी इंडिकेटर दिला. गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, दार उघडलं. चाळीस माणसं उतरली, एकालाही खरचटलं नाही. मला शिव्या दिल्या सगळ्यांनी, पण सगळे धडधाकट होते.” त्यानं श्वास घेतला. “त्याआधी चार महिने मला झोप नव्हती. सांगायचं कुणाला, हेच माहीत नव्हतं. ते जर इथे कुणी शिकवलं असतं... एवढंच.”

मग पहिल्या रांगेतला एक पिकल्या मिशांचा ड्रायव्हर उभा राहिला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, “मला पण झोप नाही. दोन वर्षं झाली. ते डॉक्टर... कुठे बसतात तुमचे?”

मॅडम लिहायच्या थांबल्या. त्यांनी पडद्यावरचं अंधारातलं चित्र स्वतःच बंद केलं.

महिन्याभरानं डॉक्टरांकडून त्याची पुन्हा एकदा तपासणी झाली, मग गाडीची चाचणी, आणि त्याला त्याचा जुना मार्ग परत मिळाला. पुस्तिकाही छापून आली. त्या दुपारी डेपोच्या कँटीनमध्ये तिनं ती उघडली, आणि पहिल्याच पानावर तिचा पारा चढला.

“लाभार्थी! वाचा! ‘विशेष आभार : तीन लाभार्थी.’ सतरा बुधवार घातले आपण. अर्धी पुस्तिका आपण लिहिली. आणि आपण लाभार्थी? सहलेखक म्हणायला जीभ झडते यांची?” तिनं कागद ओढला, पत्र लिहायला घेतलं. “‘मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्हाला नेमका कोणता लाभ झाला हे कृपया...’”

“मला झाला,” तो म्हणाला.

“मध्ये बोलू नका. ‘...कृपया कळवावे. कारण आमच्या माहितीप्रमाणे—’”

“मला तुम्ही आवडता. फार. कधीपासून ते विचारू नका, पण... फार.”

पेन थांबलं. कँटीनमध्ये कुणीतरी कपबशा विसळत होतं. चहाची वाफ दोघांच्या मधून वर चालली होती. तिचे कान तापले... पण वाक्य अर्धवट होतं, आणि अर्धवट वाक्य टाकून उठणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

“थांबा,” ती म्हणाली. “एवढं पुरं करू दे.”

तो थांबला. तिनं लिहिलं, पूर्णविराम दिला, खाली तिघांची नावं घातली, सही केली, पेनला टोपण लावलं.

“हं. आता बोला. काय म्हणत होतात?”

“ऐकलंत तुम्ही.”

“ऐकलं. परत ऐकायचंय.”

त्यानं आजूबाजूला पाहिलं. घसा साफ केला. “तू मला आवडतेस,” तो म्हणाला.

“‘तुम्ही’वरून एकदम ‘तू’? कुणाला विचारून आलास रे इतक्या लवकर?”

त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हळूहळू हसू पसरत गेलं, आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. तिनं जीभ चावली.

पण दुरुस्ती केली नाही.