लाल खुणेची वायर

नवरा गेल्यापासून तिला सगळंच उशिरा कळायचं. गरम पातेल्याला हात लागला तरी चटका मागाहून बसायचा. कोणी बोललं की शब्द आधी पोचायचे आणि अर्थ सावकाश, लंगडत यायचा. रडू तर आलंच नव्हतं. "एकदा मोकळी हो गं," जाऊबाई म्हणाल्या, तेव्हा तिने शहाण्यासारखी मान हलवली होती. कानाच्या दवाखान्यात ती ऐकण्याची तपासणी करायची. काचेपलीकडच्या माणसाला सांगायची, आवाज आला की बटण दाबा. काहीजण आवाज थांबल्यावर दाबत. पूर्वी तिला त्यांचं हसू यायचं. हल्ली ते आपल्यातलेच वाटायचे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी लंबू आला. नवऱ्याच्या बँडमधला हा गिटारवाला कुठल्याही दारातून वाकूनच आत यायचा. पुढच्या खोलीतला जुना इलेक्ट्रिक पियानो तो बँडसाठी नेणार होता. तिनेच हो म्हटलं होतं, कारण नाही म्हणायला अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. नेण्याआधी सगळं चालतंय ना, हे बघायला त्याने नवऱ्याची आवाज बदलणारी खोकी जमिनीवर मांडली. आवाज थरथरवणारं ट्रेमोलो होतं. टेपचा पट्टा गोल फिरवून, वाजवलेलं पुन्हापुन्हा ऐकवणारी इकोची पेटी होती. कोपऱ्यात आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प होताच.

"वहिनी, या वायरींना लाल काय फासलंय?"

"माझं नेलपॉलिश. बाटली सापडेना म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि हा साळसूदपणे माझ्याबरोबर शोधत होता. लाल टोक लाल भोकात, असा त्याचा कारभार."

लंबू हसला. "तसं जोडलं की इकोचा आवाज परत इकोतच शिरतो. मग तो संपतच नाही. हजारदा सांगितलं त्याला. पालथ्या घड्यावर पाणी!"

त्याने खुणांकडे लक्ष न देता सगळं रीतसर जोडलं आणि वाजवून पाहिलं. आवाज स्वच्छ, गोल, आणि शेवटी वेळेवर विरणारा. निदान या आवाजाने तरी आत काही हलेल, असं तिला वाटलं होतं. काही हललं नाही.

"उद्या टेम्पो घेऊन येतो," लंबू म्हणाला आणि गेला.

ती बाकावर बसली, नेहमीसारखी उजव्या कडेला. तिला एकच धून यायची, तीही एका बोटाने. डाव्या बाजूला बसून नवरा खालचे सूर भरायचा. ती चुकली आणि पट्टी अडकते म्हणून कुरकुरली, की तो म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं! तू तुझं बोट सांभाळ, बाकी मी बघतो."

वायरींकडे नजर गेली. त्याने शर्टाची बटणं खालीवर लावली की ती जशी हात पुढे करायची, तशीच ती आताही वाकली. लाल टोक लाल भोकात घातलं.

मग पहिला सूर वाजवला. तो परत आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याच्याखाली एक खर्जातला सूर होता.

टेप जुनी आहे, तिने स्वतःला समजावलं. आधीचं काहीतरी राहिलं असेल. दवाखान्यात करते तशी तिने तपासणी सुरू केली. सावकाश वाजवलं, खालचे सूर सावकाश आले. भरभर वाजवलं, तेही भरभर आले. मध्येच मुद्दाम थांबली.

तेही थांबले.

आणि त्या शांततेत टक्‌ असा आवाज आला. वाजवताना नवऱ्याची अंगठी पियानोच्या लाकडी कडेला लागायची, तो. तो आवाज वायरीतून येणं शक्य नव्हतं. वायरीतून येतो फक्त आतल्या धातूच्या पात्यांचा आवाज. लाकडावरची टकटक वायरीला कळतच नाही.

ती रडली. हमसून हमसून, लहान मुलीसारखी रडली. आणि हे रडू उशिरा आलं नाही, त्याच क्षणी आलं. किती दिवसांनी ती सुखावली होती.

सकाळी तिने लंबूला फोन केला. "टेम्पो आणू नकोस. पियानो इथेच राहू दे."

तो नुसतं "हॅलो? हॅलो?" करत राहिला. मग म्हणाला, "हां, आता आलं ऐकू. वहिनी, तुमचा आवाज फार मागाहून येतोय."

"रेंज नसेल," ती म्हणाली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली.

दवाखान्यात ती गेली नाही. दुपारी चहा केला. पातेलं नुसत्या हाताने उचललं गेलं. चटका बसला नाही, मागाहूनही नाही. चहा तसाच राहिला. पियानोवर तिचं बोट पट्टी दाबायचं, पण पट्टीतून आवाज निघायचा नाही. सूर यायचा तो थेट परतीचाच, त्याच्या सुरांबरोबर. बरंच झालं, तिला वाटलं. आता वाट बघावी लागत नाही.

दार वाजलं. मग उघडलं. सरावासाठी नवऱ्याने कधीकाळी दिलेली किल्ली हातात घेऊन लंबू वाकून आत आला.

"वहिनी?"

"ही काय, समोर तर बसलेय."

त्याने बाकाकडे पाहिलं. स्वयंपाकघरात डोकावला. परत आला.

"वहिनी, घरात आहात का?"

ती हसली. चेष्टेची ही काय वेळ?

तेवढ्यात अ‍ॅम्पमधून खर्जातले सूर आले. टक्‌. आणि मग तिचाच आवाज: "ही काय, समोर तर बसलेय."

लंबू पांढराफटक पडला. भिंतीचा आधार घेत तो मेन बटणाकडे सरकला.

"नको!" ती किंचाळली.

लंबूचा हात बटणावर पोचला. तिचं 'नको' अजून टेपवर फिरत होतं.