तेरावं नाणं

"हा राजा खोटा आहे," रेमे म्हणाली.

तिचा आतेभाऊ फाबियान खायच्या सोड्याने माखलेल्या हाताने तसाच थांबला. ईस्टरच्या सुट्टीत मुलांच्या वाट्याला हे काम आलं होतं. शनिवारी मारिक्रूस आत्याचं लग्न, त्यासाठी आजीची तेरा सोन्याची नाणी घासायची. लग्नात नवरा ती नवरीच्या ओंजळीत ओततो. बारा नाण्यांवर केसांचा टोप घातलेला स्पेनचा राजा झिजून गुळगुळीत झाला होता. तेराव्यावर त्याची बट न् बट शाबूत होती, आणि खाली मुंगीएवढ्या आकड्यांत २०१२.

"टांकसाळ जुन्या नाण्यांच्या आठवणीसाठी काढते ना, त्यातलं हे. नुसता मुलामा," फाबियान म्हणाला.

"म्हणजे राजाने आत्ताच केस धुतलेत," त्याची धाकटी बहीण निएवेस म्हणाली. तिच्या तोंडात कायम च्युइंगम असे.

रेमेच्या बाबांना हसू आलं नाही. "आईच्या आजारपणात पेटीची किल्ली एकाच बाईकडे होती," ते म्हणाले.

पाच वर्षं आजीचं सगळं करणारी हासिंतामावशी दारातच उभी होती. जानेवारीत आजीचे डोळे तिनेच मिटले होते. तिने ॲप्रन सोडला, घडी घालून खुर्चीवर ठेवला. "सहाच्या बसने जाते, साहेब. चुलीवर तामालेस वाफवायला ठेवलेत, बघा."

बसला तीन तास होते.

"दोन हजार बाराला काय झालं होतं?" रेमेने विचारलं.

फाबियान घुटमळला. "तुझ्या आईबाबांचं लग्न."

लग्नाची सीडी बाबांच्या कपाटात, शर्टांखाली होती. आई गेल्यापासून, चार वर्षांत, ती कोणी लावली नव्हती. पडद्यावर आई हसली, आणि आपण ते हसणं विसरलो होतो हे रेमेला तेव्हा कळलं.

"बंद करू?" फाबियानने हळूच विचारलं.

"नको."

पडद्यावर बाबा घाईघाईने ओतत होते. नाणी ओंजळीत पडली, एक मात्र आईच्या बोटावर आपटून घरंगळलं आणि वेदीच्या लाकडी चौथऱ्याच्या फटीत गेलं. सगळे नवरीकडे बघत होते. पुढच्या रांगेत बसलेल्या आजीची नजर तेवढी नाण्यासोबत गेली. मग आजीने मान वर केली आणि हसली.

चर्चचा राखणदार बाकावर पेंगत होता. "दहा मिनिटं. आणि काही मोडू नका," तो डोळे न उघडता म्हणाला. निएवेसने मोठ्या मनाने च्युइंगम दिलं. फाबियानने ते झाडूच्या काडीला लावलं. पहिल्यांदा गुंडी आली, मग मेणाचा तुकडा. तिसऱ्यांदा, धुळीने माखलेला, झिजका राजा.

बाबांनी सीडी दोनदा बघितली.

"ओंजळीतून नाणं सांडलं की जोडी मोडते, असं आमच्यात मानतात," ते म्हणाले. "तुझी आई आंपारो गेली, तेव्हा मी माझ्या आईला विचारलं होतं, माझं कुठे चुकलं? कुठेच नाही रे बाळा, म्हणाली." त्यांनी मुलाम्याचं नाणं उचललं. "मला कळू नये म्हणून हे आणून ठेवलं तिने."

"पावणेसहा झाले, मामा," फाबियान म्हणाला.

बस सुरू झाली होती. बाबांनी टोपी काढून खिडकीखाली उभं राहून सांगितलं, "हासिंताबाई, चुकलं माझं. खाली या."

"मालकीणबाई त्यातलं एक नाणं मला कधी पुसू द्यायच्या नाहीत," मावशी म्हणाली. मग बोचकं उचलत, "तामालेस उतरवले का कोणी?"

कोणीच उतरवले नव्हते.

शनिवारी आजीचं मुलाम्याचं नाणं धरूनच तेरा ओतली. बाबांचाच तसा हट्ट होता. खरं नाणं घेऊन रविवारी ते रेमेबरोबर आईच्या कबरीवर गेले. दगडावर ठेवलं, परत उचललं, आणि रेमेच्या ओंजळीत दिलं.

"छान शोधलंत तुम्ही पोरांनी. नीट धर. मी वेंधळा होतो."

"नाणं पडल्याचं आईला कळलं असेल?"

"ओंजळ तिचीच होती."

"मग हसत का होती?"

"माझ्या वेंधळेपणालाच," बाबा म्हणाले.