एका छपराखाली दोन किल्ल्या

चेक देशातल्या ब्रनो शहरात, भाजीबाजारामागच्या हार्डवेअरच्या दुकानात, पोलादावर अक्षरं उठवायच्या ठशांचा एकच संच उरला होता. मी हात घातला, आणि त्याच वेळी आणखी एक हात त्यावर पडला.

"दारावरची पाटी करताय?" त्या हाताच्या मालकाने विचारलं.

"हो. चोवीस शब्दांची."

तो हसला. त्याच्या बगलेतही पोलादी पट्टी होती. बिटकॉइनची किल्ली म्हणजे चोवीस शब्द; कागदावर ठेवले तर आगीत जातात, म्हणून आम्ही ते पोलादावर ठोकून ठेवतो. हे त्याला सांगावं लागलं नाही.

संच अर्थात मीच घेतला.

संध्याकाळी आमच्या बैठकीला तोच हजर... हिनेक, आमचा नवा किल्लीदार. आम्ही काही जण बिटकॉइन ठेवायच्या वॉलेटचं सॉफ्टवेअर लिहितो आणि फुकट देतो. लोकांच्या देणग्या तीन किल्ल्यांच्या कुलपात असतात, कुठल्याही दोन लावल्या की ते उघडतं. एक माझी, एक आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर लुबोरकाकांची, एक आता त्याची. नियम मीच घातलेला – दोन किल्ल्या एका छपराखाली कधीच नाहीत. नाहीतर एका चोरीत सगळं साफ.

हिवाळाभर तो माझा कोड तपासत राहिला.

"ओळ सुरेख आहे, वेंडुला. पण चुकली आहे."

"माझ्यात पण काढ की एखादी चूक."

"शोधतोय... सापडत नाही."

त्याचा शेरा आल्याशिवाय मला जेवण गोड लागेना. मी प्रेमात पडले होते, तोही पडला होता, आणि दोघं गप्प होतो. एकत्र राहायचं तर एकाने किल्ली सोडायला हवी. ते कुलूप मी रचलं होतं. माझ्याने माझी किल्ली सोडवेना.

मार्चमधल्या बैठकीत, बिअर येताच हिनेक म्हणाला, "मला किल्ली सोडायची आहे."

लुबोरकाकांनी ग्लास खाली ठेवला. "आत्ता कुठे रुळलास. कारण काय?"

"वेंडुलाचा नियम."

"मोडलास?"

"अजून नाही. तिला विचारलंच नाही."

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. माझे कान तापले.

"आधी मला विचारायचं नाही?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तुला निवडायला लागलं असतं – किल्ली की मी. आता तुझं काही जात नाही. नको असेन तर नाही म्हण... माझी किल्ली तरीही गेली."

असं कुणी माझ्यासाठी कधी केलं नव्हतं.

"काका, नवा किल्लीदार बघा," मी म्हटलं. "आणि हिनेक, सामान माझ्याकडे आण. तुझ्या घरात धड ओव्हन नाही."

"म्हणजे... हो?"

"म्हणजे हो."

आणि टेबलाखाली नाही, वरच, सगळ्यांदेखत मी त्याचा हात धरला.