सोनबामामांची पाळी

मी गौहर. अंगात येणं, नजर लागणं, असल्या गोष्टींना मी तोंडावर हसते. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू.

ऐंशी सालचा मे महिना. काळेवाडी. रात्रबित्र काही नव्हती, चांगलं लख्ख ऊन होतं.

माझा थोरला भाऊ नवाब आमच्या शेजारच्याच पत्र्याच्या खोलीत राहायचा. सोबतीला उतारवयातले सोनबामामा. दोघं कंपनीत कामाला, आणि दोघांत मिळून एक लोखंडी खाट. भाई रातपाळीला, तो दिवसा झोपायचा. मामा दिवसपाळीला, ते रात्री. संध्याकाळचा भोंगा झाला की मामा यायचे आणि खाटेच्या पायावर दोनदा टकटक करायचे. हाक मारायचे नाहीत. भाई मुकाट उठायचा.

त्याआधीच्या थंडीत मामा त्याच खाटेवर, झोपेतच गेले.

भाईने खाट ठेवली. वर ओव्हरटाइम धरला. इतका दमायचा की भोंग्यानंतरही झोपून राहू लागला.

मामांच्या झोपायच्या पाळीत...

बघता बघता तो निम्मा झाला. पंचविशीतला माणूस, चार पावलं चालला की धापा टाकायचा. मला धडकीच भरली.

कुसुमताई डॉक्टर होत्या. हृदय झोपेत कसं चालतं, वय झाल्यावर कसं बदलतं, याच्या अभ्यासासाठी त्या मशीन घेऊन कामगारांकडे यायच्या. मामांचेही ठोके त्यांनी कागदावर उतरवले होते. मी त्यांनाच बोलावलं.

त्यांनी झोपलेल्या भाईच्या छातीला तारा लावल्या. "बघ, तरुण हृदय झोपेत कधी हळू, कधी भरभर चालतं. म्हातारपणी तो खेळ कमी होतो."

मशीनची सुई कागदावर मस्त नाचत होती.

भोंगा झाला...

टक. टक.

खाटेजवळ कुणीच नव्हतं.

सुई संथ झाली. एकाच चालीत. मधेच एक ठोका गाळत...

कुसुमताईंचा चेहरा उतरला. "गौहर, हे नवाबचं नाही गं. ही चाल मी आधी पाहिलीय. सोनबांची आहे."

मी भाईला गदागदा हलवलं. उठेना. ओठ निळे पडत चालले होते.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मामा, पाळी तुमची हाय, कबूल! पण माणूस माझा हाय! दम धरा, उठवते त्याला!"

काखेत हात घालून मी भाईला खाली ओढला. तारा निघाल्या. जमिनीवर आपटताच तो खोकला, आणि पाणी मागितलं. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात आवाज कानावर आला. खर्र... खर्र...

तारा माझ्या हातात होत्या. खाट रिकामी होती.

आणि सुई कागदावर चालतच होती. सावकाश. गाढ झोपेतल्या माणसासारखी.

कुसुमताईंचा हात बटणाकडे गेला. मी तो धरला.

"नका," मी म्हटलं, "झोपू द्या त्यांना."

कागद संपेपर्यंत आम्ही तिघं जागचे हललो नाही.

त्यानंतर मामा उठले का, ते मला आजही माहीत नाही.